सेकंड शिफ्टचे बाप

खोलीत नऊ मुलं होती आणि दारात साहेब उभे होते.

सबनीससाहेब आमच्या भागातल्या सरकारी बालवाड्यांचे निरीक्षक. न कळवता येणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता आणि तो त्यांना मनापासून आवडायचा. उंबऱ्यात उभं राहून त्यांनी बोटाने मुलं मोजली. मग पुन्हा मोजली.

“पगारेबाई, पटावर किती?”

“अडतीस.”

“मग बाकीची कुठे सांडली?”

मी म्हटलं, सर्दी-तापाची साथ आहे. साहेबांनी त्या नऊ ठणठणीत मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही, ते उपकारच.

पट म्हणजे नाव घातलेली मुलं आणि हजेरी म्हणजे खरोखर आलेली. या दोन्हींमधली फट हेच आमच्या कामातलं मुख्य दुखणं. नियम असा होता की भेटीच्या दिवशी किमान पंचवीस मुलं बसलेली दिसली पाहिजेत. लागोपाठ दोन भेटींत कमी दिसली, तर बालवाडी उचलून दुसरीकडे न्यायची. बालवाडी उचलायची म्हणजे फार काही नव्हतं. दोन सतरंज्या, एक माठ, खेळण्यांची पेटी आणि मी.

“गंगापूर रोडला नव्या सोसायट्या होतायत,” साहेब म्हणाले. “तिथले लोक बालवाडी द्या म्हणून माझ्या मागे लागलेत. स्वतः मुलं आणून सोडतील. तुमची मदतनीस दारोदार फिरून गोळा करते, तरी नऊ. दिवाळीच्या आत मी परत येईन. तेव्हा असंच दिसलं तर माझा नाइलाज आहे.”

ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरची. नाशिकजवळच्या सातपूरला तेव्हा रोज कुठेतरी नव्या कारखान्याची शेड उभी राहत होती. आमची बालवाडी समाजमंदिराच्या एका खोलीत भरायची आणि तिच्या आसपास तीन वस्त्या होत्या. एक, एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीतल्या कामगारांची चाळ. निफाड, दिंडोरी, सटाण्याकडून आलेली शेतकऱ्यांची मुलं, आता लेथवर उभी राहणारी. दुसरी आमची कॉलनी, बौद्ध कुटुंबांची. कारकून, शिपाई, दोन शिक्षक आणि एक बँकेतला, ज्याचा कॉलनीला फार अभिमान. तिसरी म्हणजे झोपड्या. पेठ-सुरगाण्याकडून शेडच्या बांधकामावर आलेले आदिवासी मजूर तिथे राहायचे.

मी कॉलनीतली. बालवाडीचा कोर्स केलेली कॉलनीतली पहिली मुलगी, असं आमचे लोक कौतुकाने सांगायचे. पगार कळला की सांगायचे थांबायचे.

साहेबांनी जाता जाता कारणही सांगून टाकलं. “मिसळ फार झाली आहे, बाई. एवढ्या प्रकारची मुलं एका सतरंजीवर लोकांना चालत नाहीत. बोलत नाहीत, पण पाठवतही नाहीत. ते चाळीतले अप्पा खोली द्यायला तयार आहेत ना? विचार करा.”

अप्पा हे चाळीचे पुढारी. गणपती मंडळाची खोली त्यांच्या ताब्यात होती आणि ती त्यांनी बालवाडीला देऊ केली होती. अट एकच. ते मला म्हणाले होते, “पगारेबाई, तुम्ही आमच्याच आहात. कॉलनीतली पोरं आली तरी आमचं काही म्हणणं नाही. फक्त ती झोपड्यातली पोरं तेवढी नकोत. आमच्या बायामाणसांना ते पटत नाही.”

मी त्यांच्याच होते, हे त्या दिवशी मला नव्याने कळलं. कारण चाळीतली काही मुलं गळ्यात वॉटरबॅग घालून यायची. आमचा माठ मी भरायचे. त्या वॉटरबॅगांचं कारण मी कधी विचारलं नाही. जे माहीत आहे ते कशाला विचारायचं?

त्यामुळे साहेबांचं कारण मला लगेच पटलं. आमच्या माणसाला हे कारण सगळ्यात आधी सुचतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस गयाबाईंबरोबर मी स्वतः चाळीत निघाले. भांडायच्या तयारीनेच निघाले होते.

पहिल्याच दारात कैलास भेटला. कैलास लेथ ऑपरेटर, सटाण्याकडचा, अंगाने आडवा. अर्ध्या गालाला साबण लावून आरशासमोर उकिडवा बसला होता आणि त्याचा मुलगा राजू मागून त्याच्या पाठीवर चढत होता. कैलासच्या बायकोने मला पाहून आतूनच सांगितलं, “आज नही धाडस, बाई. तेना बाप घर शे.”

आज पाठवत नाही, त्याचा बाप घरी आहे. मी म्हटलं, “बाप घरी आहे म्हणून मुलाने शाळा बुडवायची?”

कैलासने वस्तरा खाली ठेवला. “बाई, सेकंड शिफ्ट हाय. दुपारी अडीचला घर सोडतो. रात्री येतो तवा हा झोपेल ऱ्हातो. सकाळी तुम्ही नेला, तं हप्ताभर मला दिसतच नाय. मंग वळखंल कसा मला?”

मी पुढच्या दारात गेले. तिथेही बाप घरी. त्याच्या पुढच्या दारात बाप मुलीला सायकलच्या नळीवर बसवून चाळीभोवती फेऱ्या मारत होता. मला बघून त्याने फेरी वाढवली.

शिफ्ट म्हणजे पाळी. त्या कंपनीत तीन पाळ्या होत्या आणि दर आठवड्याला पाळी बदलायची. चाळीतले बहुतेक लोक एकाच खात्यातले, म्हणून सगळ्यांची पाळी एकदमच फिरायची. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप दिवसा झोपायचा. एका खोलीचं घर. मग बायका मुलांना पहाटेपासून न्हाऊ-माखू घालून तयार ठेवायच्या आणि दीड वर्षाचं पोरही आमच्याकडे लोटायच्या. त्या आठवड्यात मला सतरंजीवर पाय ठेवायला जागा नसायची. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात खोली ओस. हे चक्र वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं आणि मी वॉटरबॅगांकडे बघत बसले होते.

वॉटरबॅगा खोट्या नव्हत्या. पण मुलं घरी राहत होती ती बापासाठी.

मी ऑफिसात गेले आणि साहेबांना हे सांगितलं.

“म्हणजे मी काय करायचं?” साहेब म्हणाले. “कंपनीच्या शिफ्टप्रमाणे व्हिजिट लावू?”

“नको. पण चाळीतल्या खोलीत जा म्हणू नका. तिथे गेले तर सगळी मुलं एकाच पाळीची होतील. तीन आठवड्यांतून एक आठवडा खोलीत मी आणि गणपतीचा पाट.”

“पगारेबाई, मी या खात्यात बरीच वर्षं आहे. शिफ्टमुळे बालवाडी बंद पडल्याचं मी ऐकलेलं नाही. लोक कारणं देतात. खरं कारण मी तुम्हाला सांगितलं. पंचवीस दाखवा, मग बोला.”

बाहेर आले तेव्हा मला साहेबांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त या गोष्टीचा, की ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते.

पंचवीस दाखवायची तर ज्यांना शिफ्ट नाही ती मुलं वाढवायला हवी होती. म्हणजे झोपड्या आणि कॉलनी.

झोपड्यांतली बरीच मुलं नुसती पटावर होती, येत नव्हती, त्याचं कारण तर हास्यास्पद होतं. मजूर बायका आठला साइटवर जायच्या आणि आमची बालवाडी दहाला उघडायची. मुलं आयांबरोबर साइटवर. मी वेळ आठची केली. वरून परवानगी येईपर्यंत थांबले असते तर ती मुलं मिसरूड फुटल्यावर आली असती, म्हणून थांबले नाही.

पहिल्या दिवशी सोनीबाई आली. सुरगाण्याकडची, नवरा वारलेला, विटा वाहणारी. कडेवर चार वर्षांची जिवली. जिवलीला सतरंजीवर ठेवून ती दारातच घुटमळत राहिली. त्यांच्या बोलीत मुलीला पोसी म्हणतात आणि इथेला हठं.

“बाई, पोसीला हठंच ठेवजा. साइटवं हौद आहा.”

विटा भिजवायचा हौद. आधीच्या साइटवर असल्याच हौदात तिच्या भावाचं मूल बुडालं होतं. हे तिने असं सांगितलं, जसं आपण घराचा पत्ता सांगतो. बालवाडी गंगापूर रोडला गेली किंवा अप्पांच्या खोलीत गेली, तर जिवली परत त्या हौदाच्या काठावर. माझ्यासाठी तोपर्यंत पंचवीस हा आकडा होता. त्या दिवसानंतर मी तो आकडा म्हणून मोजू शकले नाही.

आता कॉलनी. मला वाटलं, हे तर आपलंच घर. बँकवाल्यांच्या विमलवहिनींकडे गेले. त्यांची लेक बेबी चार वर्षांची, घरीच होती.

“मंदाताई, तुमच्याबद्दल काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण त्या झोपड्यातल्या पोरांत बेबीला बसवू? त्यांच्या डोक्यात उवा असतात. आपण एवढे कष्ट करून वर आलो ते काय त्यांच्यात पोरं बसवायला?”

“वहिनी, चाळीतले अप्पा अगदी असंच बोलतात.”

“बरोबर बोलतात.”

“हो. पण त्यांच्या चाळीतल्या बायका माझा माठ बघून तेच बोलतात.”

वहिनींनी चहा केला, पण बेबीला पाठवते म्हणाल्या नाहीत.

मग मी शनिवारी समाजमंदिराच्या ओट्यावर वडिलांचं जुनं धोतर पसरलं आणि बारीक दातांची फणी घेऊन बसले. गयाबाईंनी तिन्ही वस्त्यांत सांगितलं, सरकारतर्फे डोकी तपासणार आहेत. सरकारतर्फे म्हटलं की माणसं येतात. तिन्हीकडच्या आया आल्या, मुलांना पुढे करून तीन घोळक्यांत उभ्या राहिल्या. विमलवहिनीही बेबीला घेऊन आल्या, झोपड्यातल्या डोक्यांतून काय निघतं ते बघायला.

मी एकेक डोकं विंचरत गेले. झोपड्यातल्या मुलांच्या डोक्यांत उवा होत्या. चाळीतल्यांच्या होत्या. अप्पांच्या नातीच्या डोक्यातून निघाल्या तेव्हा बायकांत खसखस पिकली. आणि बेबीचे ते लांब, तेल लावून घट्ट बांधलेले केस सोडले, तर त्या पांढऱ्या धोतरावर बाजार भरला. वहिनी लालबुंद झाल्या. कापराचं खोबरेल सगळ्या डोक्यांना एकाच वाटीतलं लावलं. सोमवारी बेबी बालवाडीत होती आणि तिच्यामागे कॉलनीतली इतर. वहिनींनी माझ्याशी अबोला धरला, तेवढं मी सोसलं.

सगळं मार्गी लागतंय असं वाटलं आणि आवणीचे दिवस आले. आवणी म्हणजे भाताची लावणी. पेठ-सुरगाण्याची माणसं त्या दिवसांत काहीही सोडून गावाकडे जातात. एका सकाळी झोपड्यांना बाहेरून काटक्या लावलेल्या दिसल्या. तो आठवडा नेमका चाळीच्या सेकंड शिफ्टचा. खोलीत कॉलनीची मुलं आणि मी. साहेब त्या आठवड्यात आले असते तर सगळं संपलं असतं.

तेव्हा मला कळलं की झोपड्यांवर आणि कॉलनीवर भागणार नाही. त्या रिकाम्या आठवड्याचंच काहीतरी करायला हवं. बापापासून पोर तोडता येणार नव्हतं, आणि तोडावं असं मला वाटतही नव्हतं. मी परत कैलासच्या दारात गेले.

“राजूला तुम्हीच घेऊन या. आणि तुम्हीही बसा.”

“मी? बालवाडीत?” कैलास हसला. “मी काय करू तिथं बायांच्या कामात?”

“काही करू नका. मांडी आहे ना? नुसते बसा.”

तो आला. पहिल्या दिवशी ओट्यावर बसून विडी ओढली, ती मी विझवायला लावली. दुसऱ्या दिवशी बाहेर शिंतोडे येत होते म्हणून आत सरकला, भिंतीला टेकून बसला. राजू त्याच्या मांडीवरून उतरून खेळायला जायचा आणि बाप आहे ना जागेवर, हे बघून परत खेळायला जायचा. तिसऱ्या दिवशी कैलासने माठातलं पाणी घेतलं. मी पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्याचं बघून आणखी बाप येऊ लागले. एकाने पेटीचं बिजागर बसवून दिलं. कैलासने कंपनीतून रिजेक्ट वायसर आणले, मुलांना दोऱ्यात ओवायला. ते विचारून आणले होते का, हे मी विचारलं नाही. चाळीत त्यांची टिंगल झाली. पुरुष बालवाडीत जातात म्हणून बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात राजू येत होता, सायकलच्या नळीवरची ती मुलगीही येत होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

आवणी आटोपून झोपड्या पुन्हा भरल्या. सोनीबाईला स्वतःचं शेत नव्हतं, दुसऱ्यांच्या शेतात लावणी करून ती सगळ्यांच्या आधी परतली. जिवली पहाटे उठवलेली असायची, त्यामुळे नऊ-साडेनऊला तिचे डोळे मिटायचे. जी मांडी रिकामी दिसेल तिच्यावर जाऊन बसायचा तिचा परिपाठ होता. माझी मांडी क्वचितच रिकामी असायची. भिंतीला टेकलेली कैलासची मांडी मोठी होती.

गयाबाईंनी एकदा चाळीतलं बोलणं माझ्या कानावर घातलं. कैलासच्या बायकोने त्याला विचारलं होतं की त्या झोपड्यातल्या पोरीला मांडीवर का घेतोस. तो म्हणाला होता, “तीच येस. मी काय करू?”

गणपती उठले आणि एका सकाळी साहेब आले. सेकंड शिफ्टचा आठवडा होता. साहेबांबरोबर अप्पाही होते. नंतर कळलं की साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं, खोलीचं तिथल्या तिथे मिटवून टाकायला.

साहेब दारात थबकले. आत सतरंजीवर मुलं होती आणि भिंतीला ओळीने टेकून बाप्ये बसले होते.

“हे कोण?”

“पालक,” मी म्हटलं.

“बालवाडीत बाप कशाला?”

“सेकंड शिफ्ट आहे, साहेब.”

त्यांनी मोजायला बोट वर केलं, तेवढ्यात अप्पा पुढे झाले. आवाज मुळातच मोठा, त्यात साहेब बाजूला. “साहेब, मोजायचं मग मोजा. आधी माझं ऐका. आमच्या खोलीला पंखा आहे, नळ दाराशी आहे. उद्यापासून भरवा. फक्त ती झोपड्यातली पोरं आमच्या पोरांत नकोत. हे एकट्या माझं नाही, सगळ्या चाळीचं म्हणणं आहे. विचारा की, हे बसलेत चाळीतलेच!”

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. “काय हो? तुमचं म्हणणं काय?”

अप्पा चाळीचे पुढारी. भाड्याची, पाण्याची सगळी भांडणं त्यांच्याच ओट्यावर मिटायची. एकाने पायाचा अंगठा न्याहाळायला घेतला. मीही बोलले नाही. माझं बोलणं कॉलनीचं बोलणं ठरलं असतं. मला आठवतं, माझ्या हातात वायसरची माळ होती आणि ती मी मुठीत दाबून धरली होती.

साहेबांनी कैलासकडेच बोट केलं. “तुम्ही सांगा.”

कैलासच्या एका मांडीला राजू टेकला होता. दुसऱ्या मांडीवर जिवली तोंड उघडं टाकून झोपली होती. राजूची वॉटरबॅग तिच्या गळ्यात होती. कैलासने मान वर केली, पण पाय हलू दिला नाही.

“साहेब, हळू बोला,” तो म्हणाला. “पोरगी आत्ताच झोपलीय.”

अप्पांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. साहेबांनी, का कोण जाणे, चपला काढल्या. मग आत येऊन, ओठ न हलवता, एकेका मुलाशेजारून चालत त्यांनी मोजलं. पंचवीसच्या वर दोन भरली. जिवलीला मोजताना ते खाली वाकले होते.

बालवाडी जागेवर राहिली. सोनीबाईला संध्याकाळी मी सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “मंग उद्या आणू ना?” गंगापूर रोडच्या लोकांना पुढच्या वर्षी त्यांची वेगळी बालवाडी मिळाली. ती मागून का होईना मिळणारच होती.

अप्पा माझ्याशी बोलायचे थांबले आणि विमलवहिनी बोलायला लागल्या. कैलासच्या बायकोने राजूला नवी वॉटरबॅग घेतली. म्हणजे सगळं काही बदललं असं कोणी समजू नये.

पुढे मीच सुपरवायझर झाले आणि न कळवता लोकांच्या दारात उभी राहू लागले. हजेरी कमी दिसली की नवीन पोरी मला सांगतात, बाई, इथल्या लोकांना शिक्षणाचं महत्त्व नाही, इथे जातीपातीचं फार आहे. असेलही. मी आधी विचारते, सकाळी घरी कोण असतं?

साहेबांनी त्या भेटीनंतर वर कळवलं की सामाजिक एकोप्यामुळे उपस्थिती समाधानकारक झाली आहे. मला ऑफिसात बोलावून सगळ्यांसमोर तसं सांगितलंही. मी मान डोलावली. एकोपा वगैरे काही नव्हता. सेकंड शिफ्ट होती, आणि एक पोरगी झोपली होती.